माझं नाव यादीतून काढा

आमच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, बायकांची प्रार्थनासभा मंगळवारी संध्याकाळी भरते, दर आठवड्याला एकीच्या घरी. गाणी, बायबलमधलं वचन, शेवटी चहा-पोहे. आणि प्रार्थनेआधी विषय. कशासाठी प्रार्थना करायची ते एकेक जण सांगते आणि एक जण वहीत उतरवते. कुणाच्या सासूचं गुडघ्याचं ऑपरेशन, कुणाच्या पोराची बारावी, कुणाचे मालक पुन्हा प्यायला लागलेत. आजारपणाचे विषय फार दिवस टिकत नाहीत. माणूस बरा होतो, नाहीतर जातो, आणि वहीत त्याच्या नावावर रेघ पडते. परीक्षा मार्चमध्ये आटोपतात. माझा विषय मात्र वर्षानुवर्षं मुक्कामाला होता. ‘विवाह जुळावा म्हणून.’ वही भरली की नव्या वहीत तो आधी उतरवून घ्यायचे, सगळ्यांत जुना म्हणून.

मी पंचेचाळिशी ओलांडली आहे. कोल्हापुरातल्या एका सहकारी बँकेत नोकरी करते, आईबरोबर राहते. लग्न करायचं नाही असं मी कधीच ठरवलं नव्हतं. करायचं होतं, मनापासून करायचं होतं, आणि झालं नाही. हे इतक्या सरळ शब्दांत बोलायलाच मला कित्येक वर्षं लागली. ‘झालं नाही’ म्हटलं की समोरचा लगेच ‘अजून’ जोडायचा.

आमच्यात लग्न जुळणं किती अवघड असतं ते बाहेरच्यांना कळत नाही. रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी 1852 मध्ये कोल्हापुरात आले, आमच्या इथल्या प्रॉटेस्टंट मंडळींचा इतिहास तिथून धरतात. त्यांच्या नावाचं वाइल्डर मेमोरियल चर्च शहरात आहे, बहुतेकांनी ते येता-जाता पाहिलेलं असतं. पण माणसं मोजकी. स्थळं बघायची तर कोल्हापूर, मिरज, सांगली, सोलापूर, नगर, पुणे एवढ्यातच, आणि त्यातली बरीचशी या ना त्या बाजूनं नात्यातली निघतात. उरलेल्यांत कुणाला रोमन कॅथलिक चालत नाही, कुणाला टाळ्या वाजवून उपासना करणारे चालत नाहीत, आणि काहींना बाप्तिस्म्याच्या आधी तुमचे पणजोबा कोण होते हे जाणून घ्यायचं असतं. हे शेवटचं कुणी उघड विचारत नाही. पण पोह्यांची बशी हातात आली की “तुमचं मूळ गाव कुठलं म्हणायचं?” असं बरोबर येतं.

मला नकार आले तसे मीही दिले. मिरजेचे एक जण बरे वाटले होते, बोलणी पुढं गेली होती, मग त्यांच्या आईला मुलगी सावळी वाटली. बँकेतल्या एका सहकाऱ्यानंही विचारलं होतं. तो हिंदू. कायद्याची आडकाठी काहीच नव्हती. 1872 च्या ख्रिस्ती विवाह कायद्यात दोघांपैकी एक ख्रिस्ती असला तरी चालतं, आणि ते नको तर 1954 चा विशेष विवाह कायदा आहेच, तीस दिवसांची नोटीस दिली की झालं. पण पप्पा बायबलमधल्या पौलाच्या पत्रातलं ‘विश्वास न ठेवणाऱ्यांशी विजोड होऊ नका’ पुढं करून बसले, आणि त्याच्या घरीही काही आनंदीआनंद नव्हता. त्याची बदली झाली. पप्पा पुढं तीनेक वर्षांनी गेले. यावर आणखी लिहिण्यासारखं माझ्याकडे काही नाही.

लिहायचं आहे ते आशेबद्दल, कारण मला दमवलं ते आशेनं. नकार एका दिवसाचा असतो. आशा रोज सकाळी उठवते.

आमच्याकडे 31 डिसेंबरच्या रात्री उपासना असते. बारा वाजता घंटा होते, सगळे एकमेकांना सलाम करतात, आणि मग थाळीतून वचनांच्या चिठ्ठ्या फिरतात. प्रत्येकानं एक उचलायची, ते त्याचं वर्षाचं वचन. मी चिठ्ठी उघडायच्या आधी डोळे मिटायचे. ‘तो तुझे मनोरथ पूर्ण करील’ अशा अर्थाचं काही निघालं की माझं वर्ष ठरलं. मग जानेवारीपासून प्रत्येक फोन, प्रत्येक अनोळखी पाहुणा, कुणाच्या लग्नात भेटलेला लांबचा भाऊ, सगळं त्या चिठ्ठीशी जुळवून बघायचं. नोव्हेंबर आला की जीव खाली-वर. आणि डिसेंबरच्या शेवटच्या रात्री पुन्हा थाळी.

आत्यानं मला एक वचन तोंडपाठ करून घेतलं होतं, बायबलमधल्या यशयाच्या पुस्तकाच्या 34 व्या अध्यायातलं. कुणीही जोडीदारावाचून राहणार नाही, अशा अर्थाचं. मी ते कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून लावलं होतं. एका रविवारी दुपारी सहज अख्खा अध्याय वाचायला घेतला. अदोम देशावर देवाचा कोप झालाय, नगर ओसाड पडलंय, वाड्यांत काटेरी झुडपं वाढलीत, आणि त्या भग्नावशेषांत घारी जमल्यात, आपापल्या जोडीनं. वचन घारींना होतं! मी एकटीच जोरात हसले, आई आतून “काय झालं गं?” म्हणून विचारत आली. तिला सांगितलं तर ती म्हणाली, “घारींना देतो तर तुला देणार नाही होय?” आईपुढं कुणाचं चालत नाही.

साक्षींचा प्रकारही असाच. आमच्याकडे लोक उभे राहून साक्ष देतात: अमुक इतकी वर्षं मूल नव्हतं, उपास-प्रार्थना केली, देवानं दिलं. टाळ्या. मला त्यांच्या आनंदाचं वाईट वाटत नाही, त्या साक्षी खऱ्या असतात. पण माइक हातात येतो तो मिळालेल्यांच्याच. न मिळालेले मागच्या बाकावर बसून टाळ्या वाजवतात, आणि उपदेशात त्यांच्यासाठी बायबलमधल्या, मूल नसलेल्या हन्नाची गोष्ट असते. हन्ना मंदिरात इतकी कळवळून प्रार्थना करत होती की एली याजकाला वाटलं बाई प्यायली आहे. तिला शमुवेल झाला. अब्राहामानं घर सोडलं तेव्हा तो 75 वर्षांचा होता आणि मुलगा इसहाक झाला तेव्हा 100 वर्षांचा. गोष्टी कुठं संपवायच्या ते सांगणाऱ्याच्या हातात असतं. त्याच शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात मीखल आहे, दावीद राजाची बायको. तिला मरेपर्यंत मूल झालं नाही, एका ओळीत तिचा विषय संपतो. तिच्यावर उपदेश मी तरी ऐकलेला नाही.

चाळिशीनंतर मी लग्नांना जाणं कमी केलं. आहेराचं पाकीट पाठवायचं आणि डोकं दुखतंय म्हणायचं. चर्च सोडलं नाही, पण प्रार्थनेला बसलं की शब्द यायचे नाहीत. मागून मागून तेच वाक्य इतकं गुळगुळीत झालं होतं की ते म्हणताना मला स्वतःलाच खरं वाटत नव्हतं.

याच काळात सिस्टर आमच्या गल्लीत राहायला आल्या. मिरजेच्या मिशन हॉस्पिटलमधून निवृत्त झालेल्या नर्स. विल्यम वॉनलेस यांनी 1894 मध्ये सुरू केलेलं तेच ते. सत्तरी कधीच मागं पडलेली, पण चाल ड्यूटीवरचीच. त्यांचंही लग्न झालेलं नव्हतं. त्यांना सगळे सिस्टरच म्हणतात, खरं नाव घेतलं तर ओळखीचं वाटत नाही. मंगळवारी त्या पहिल्यांदा आल्या, माझा विषय वाचला गेला तेव्हा त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि परत खाली घातली. जाताना जिन्यात म्हणाल्या, “तू रडलीस का गं कधी याच्यासाठी?”

“किती तरी वेळा.”

“तसं नव्हे. मागताना रडतेस तू. गेलं म्हणून रडलीस का?”

मला राग आला. गेलं म्हणजे काय? पण पुढच्या आठवड्यात मीच त्यांच्याकडे गेले. त्यांनी शास्ते नावाच्या पुस्तकातला 11 वा अध्याय काढून दिला. इफ्ताहाची गोष्ट. लढाई जिंकली तर घरातून जे पहिलं सामोरं येईल ते अर्पण करीन, असा त्यानं नवस केला, आणि डफ वाजवत सामोरी आली ती त्याची एकुलती एक मुलगी. गोष्ट भयंकर आहे, आणि देवानं त्याला तसं सांगितलंय असं तिथं कुठंही लिहिलेलं नाही. पण सिस्टरांनी बोट ठेवलं ते पुढच्या वचनांवर. ती मुलगी बापाकडे दोन महिने मागते. मैत्रिणींना घेऊन डोंगरावर जाते आणि रडते. कशासाठी? मरण समोर उभं असताना ती शोक करते तो आपलं लग्न होणार नाही याचा. आणि तिच्यामागं इस्राएलाच्या मुली दरवर्षी चार दिवस तिच्यासाठी शोक करायला जायच्या.

लहानपणापासून शब्बाथ शाळेत गेलेली मी, हे मला कुणी दाखवलं नव्हतं. लग्न न झाल्याचं दुःख करायला पवित्र शास्त्रात रीतसर दोन महिने आहेत. आमच्या बँकेत त्याला सीएलची रजासुद्धा मिळत नाही.

सिस्टर म्हणाल्या, “दोन महिने नको, एक दिवस जाऊ. डोंगर कुठला घ्यायचा बोल.”

पन्हाळा ठरला, वीस-बावीस किलोमीटर म्हणजे परवडण्यासारखा. बँकेला सुट्टी म्हणून दुसरा शनिवार. आम्ही चौघी: मी, सिस्टर, माझी वर्गमैत्रीण, जिचा नवरा कोरोनात गेला, आणि बँकेतली एक जण. ती ख्रिस्ती नाही, पण मुलाच्या आशेवर तिनं दवाखान्यांत अर्धं आयुष्य घालवलंय. तिला सांगितलं तेव्हा म्हणाली, “मी पण येते. आमच्यात याच्यासाठी नवस हाय, हे असलं काय न्हाई.”

श्रावणातला दिवस होता. वर पोचलो तर धुकं, बारीक पाऊस, रेनकोट घातलेली कॉलेजची पोरं, भाजलेल्या कणसांचा वास. शोक करायला जागा सापडेना. जिथं जावं तिथं सेल्फी. शेवटी तटाच्या कडेला एका झाडाखाली प्लास्टिक अंथरून बसलो. धुकं जरा विरळ झालं की समोर जोतिबाचा डोंगर दिसायचा, परत झाकून जायचा.

सिस्टरांनी एकच अट घातली. ‘लग्न झालं नाही’ असं मोघम म्हणायचं नाही. काय काय गेलं ते एकेक नाव घेऊन सांगायचं. हॉस्पिटलात म्हणे माणूस गेल्यावर नातेवाइकांना त्याच्या वस्तू एकेक वाचून दाखवून ताब्यात देतात, चष्मा एक, चप्पल जोड एक. तसं.

मला वाटलं होतं मला काही सुचणार नाही. मी सुरू केलं आणि थांबता येईना. रात्री कडी लावली का म्हणून आतल्या खोलीतून विचारणारं माणूस. अबोला धरायला आणि मग तो मोडायला कुणीतरी. पप्पांचं नाक आलेलं एखादं पोर. पांढरी साडी नेसून पप्पांचा हात धरून मधल्या वाटेनं चालणं, ते तर आता लग्न झालं तरी होणार नव्हतं. आणि डीए-1. हे ऐकून बँकेतली मैत्रीण रडता रडता हसली, बाकीच्या दोघींना कळलं नाही. डीए-1 म्हणजे ठेवीसाठी नॉमिनी नेमायचा फॉर्म. दिवसभर मी लोकांचे ते फॉर्म तपासते, नाव, वय, नातं. नात्याच्या रकान्यात पत्नी, पती, पत्नी, पती. माझ्या स्वतःच्या ठेवीवर भाच्याचं नाव आहे. त्या रकान्यात ‘भाचा’ लिहिताना माझा हात दर वेळी अडखळतो, आणि हे मी त्या दिवसापर्यंत कुणालाच सांगितलं नव्हतं.

मैत्रिणीही बोलल्या. त्यांचं त्यांनी सांगावं, मी लिहिणार नाही.

मग सिस्टरांनी बायबलमधलं 88 वं स्तोत्र वाचलं. 150 स्तोत्रांपैकी साधारण एक तृतीयांश रडगाणीच आहेत, 13 वं तर सुरूच होतं ते ‘हे परमेश्वरा, कोठवर?’ म्हणून. पण बहुतेक स्तोत्रं रडत सुरू होतात आणि शेवटी स्तुतीकडे वळतात. 88 वं वळत नाही. काळोखातच संपतं. सिस्टरांनी पुस्तक मिटलं आणि त्यापुढं काही बोलल्या नाहीत. मी वाट बघत होते, आता ‘पण देव’ म्हणतील. त्या म्हणाल्या, “भाकरी खायची का?”

एका बाईच्या टपरीत झुणका-भाकर खाल्ली. सिस्टरांनी ठेचा दोनदा मागून घेतला. मी खाताना रडत होते, बाईनं तिखट लागलं समजून दह्याची वाटी आणून ठेवली, तिचे पैसे घेतले नाहीत.

त्यानंतर मी मंगळवारी सांगितलं, माझा विषय वहीतून काढा.

हे पन्हाळ्याहून अवघड गेलं. खोलीत शांतता. मग एकदम सगळ्या. “विश्वास सोडलास होय?” “असं तोंडातून काढू नये.” एकीनं सैतानाचं नाव घेतलं. आत्याचे डोळे भरले. तिनं माझ्यासाठी कितीतरी शुक्रवार उपास धरले होते, आणि मी तिचे उपास वहीतून खोडायला सांगत होते. मी समजावायचा प्रयत्न केला: देवाला लग्न जुळवता येत नाही असं मी म्हणत नाहीये. उद्या जुळलं तर मी नाही म्हणणार नाही. पण इतकी वर्षं मी या खोलीत येते ती अपूर्ण राहिलेलं काम म्हणून येते. मला माणूस म्हणून यायचंय. पौलानं आपल्या शरीरातला काटा देवानं काढावा म्हणून तीनदा विनंती केली आणि मग थांबला. त्याला कुणी विश्वास सोडला म्हणत नाही.

पटलं असं नाही. काही मंगळवार तोच वाद चालला. शेवटी लिहिणाऱ्या काकूंनी रेघ मारली, जरा जोरातच मारली, मागच्या पानावर उमटली. आत्या म्हणाली, “वहीत नसलं तरी मी मनातल्या मनात करणार. तुला काय करायचंय?” मी म्हटलं, कर. तिचा हक्क आहे तो.

आईचं वेगळं. तिनं माझ्यासाठी गुजरीतल्या सराफाकडून बोरमाळ करून ठेवली होती, मी तिशीची असताना. लॉकरमध्ये पडून होती. मी ती काढली आणि नाताळाच्या उपासनेला घालून गेले. “काय विशेष?” म्हणून विचारणाऱ्यांना “नाताळ” सांगितलं. आई दोन दिवस बोलली नाही, तिसऱ्या दिवशी म्हणाली, “मागचा दोरा जुना झालाय, ओवून घे.”

आता सगळं बरं आहे असं कुणी समजू नये. भाच्याच्या वर्गमैत्रिणीचं लग्न ठरल्याचं कळलं त्या दिवशी मी दुपारी डबा उघडला नाही. बदललं ते एवढंच की आता दुखतं तेव्हा मी देवाकडे त्याचा अर्थ मागत नाही. पूर्वी प्रत्येक दुःख कुठल्या तरी उत्तराची तयारी असायची. पंडिता रमाबाईंचं मला अलीकडे फार आठवतं. तेविसाच्या-चोविसाच्या वर्षी नवरा गेला, एकुलती मुलगी मनोरमा, निराधार बायकांसाठी काढलेल्या मुक्ती मिशनचं काम पुढं तीच बघेल अशी आशा. 1921 मध्ये मनोरमा गेली, आईच्या आधी. रमाबाई त्यानंतर वर्षभरही राहिल्या नाहीत, पण तेवढ्या काळात त्या बायबलच्या मराठी भाषांतराचं काम करतच होत्या. त्यांना याचा अर्थ लागला होता का, मला सांगता येणार नाही. काम चालू होतं एवढं खरं.

यंदा कौटुंबिक रविवारी पाळकसाहेबांनी मला वाचन करायला सांगितलं. दरवर्षी त्या दिवशी जोडप्यांना पुढं बोलावतात, आया-बापांना फुलं देतात, आणि आम्ही काही जण फुलं वाटायला मदत करतो. मी म्हटलं, वाचते, पण उतारा मी निवडणार: इब्री लोकांस पत्र, अध्याय 11, शेवटपर्यंत. साहेब म्हणाले, “फार मोठा होईल. विश्वासाचे वीर आले की थांबा.” तिथंच तर सगळे थांबतात. सिंहांची तोंडं बंद केली, राज्यं जिंकली, वाहवा. त्याच्यापुढं आहे की काहींना दगडमार झाला, काही मेंढरांची कातडी पांघरून रानोमाळ हिंडले, आणि 39 व्या वचनात आहे की या सगळ्यांच्या विश्वासाबद्दल चांगली साक्ष असूनही वचन दिलेलं त्यांना मिळालं नाही. साहेब जरा थांबून म्हणाले, “बरं. सावकाश वाचा मग.”

वाचलं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, वाचनाला वाजवतही नाहीत. बाहेर चपला घालताना एक सर जवळ आले. विनाअनुदानित शाळेत शिकवतात, अनुदानाच्या वीस टक्क्यांच्या टप्प्यावर त्यांची गाडी अडकून राहिलीय. आंदोलनं झाली, मुंबईच्या वाऱ्या झाल्या. मुलगी दहावीला. म्हणाले, “ते शेवटचं वचन कितवं म्हटलं तुम्ही?”

“एकोणचाळीस.”

“मंडळीत आमच्यासाठी प्रार्थना होते, उत्तम होते. पण दर वेळी ‘लवकरच’ म्हणतात ओ. मला आता लवकरच नको वाटतं.” मग इकडं-तिकडं बघून, “तुम्ही पन्हाळ्याला गेलेला म्हणे.”

कोल्हापुरात काही लपत नाही. मी म्हटलं, या तुम्ही पण, वहिनींना घेऊन या, दुसऱ्या शनिवारी. रात्री सिस्टरांना फोन केला. सर येणार, त्यांचे आणखी दोन सहकारी शिक्षक येणार, एक जण मुसलमान आहेत, चालेल का? सिस्टर म्हणाल्या, “रडायला येतात ना? मग गाडी मोठी सांग. आणि जेवण त्याच बाईकडे, तिचे दह्याचे पैसे द्यायचे राहिलेत.”